निरोप कापायचा नसतो, दादा

दादा, चर्चच्या फाटकावर तुझा फ्लेक्स लागलाय. काळ्या कोटातला फोटो. कोट तुझा नाहीच, फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेला आहे. खाली भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'उपदेशसम्राट'. सम्राट म्हणे! जन्मभर घसा कोरडा करून सांगत आलास की संदेश देणारा माणूस राजा नसतो, राजाचा हरकाम्या असतो. आणि माती देऊन आठवडा झाला नाही तर तुलाच राजा करून फाटकाला टांगलं. मी खाली उभी राहून आधी हसले, मग रडले, आणि मग असा राग आला की सॅमीला म्हटलं, "तुझ्या बापाला आधी खाली उतरव." तुझ्या लेकाला वाटलं, आत्याचं डोकं फिरलं.

फिरलंच आहे. भाजीबाजारात मेथीची जुडी निवडायला खाली बसतोस काय आणि परत उठतच नाहीस काय! भाजीवालीनं तोंडावर पाणी मारलं, रिक्षावाल्यानं उचललं, दवाखान्यात नेलं, सगळं झालं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून मी परक्यांच्या नाड्या धरल्या आणि तुझी धरायला मी नव्हते. पण राग त्याचा नाही रे. माणूस जातो, मी काय कमी जाताना पाहिलेत? राग याचा की आपलं भांडण अर्धं टाकून गेलास. लहानपणापासून तुझी खोडच ती. हरायला लागलास की उठायचास आणि म्हणायचास, "सुशे, मला अभ्यास आहे."

भांडण एका शब्दाचं होतं. बाहेरच्याला सांगितलं तर तो म्हणेल, पासष्टी उलटलेली भावंडं ग्रीक शब्दावरून भांडतात, यांना काही कामधंदे आहेत की नाहीत? पण तो शब्द ग्रीक राहिलाच नव्हता. तो आपल्या घरातला झाला होता, आणि झाला कुणामुळे? माझ्यामुळे. ते तरी विसरायचं नव्हतंस.

एकलहऱ्याला आमचं क्वार्टर होतं तेव्हाची गोष्ट. हे पॉवर हाऊसला ड्युटीवर गेलेले, दोरीवरचे कपडे राखेच्या भीतीनं मी आत ओढलेले, आणि तू ओट्याशी स्टूल घेऊन मेथी निवडत बसलेला. पाळक झाल्याला फार दिवस झाले नव्हते. सेमिनरीतलं ग्रीक तुझ्या अंगात नुसतं उसळत होतं. ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून मी. तू म्हणालास, "सुशे, आपण 'उपदेश करणे' वाचतो ना, तिथं बऱ्याच ठिकाणी मूळ शब्द आहे केरुस्सो. त्यात उपदेश नाहीच मुळी. उपदेश म्हणजे, असं वाग, तसं वागू नको, ते आपल्या मावशीचं काम. केरुस्सो म्हणजे राजाचा माणूस चौकात उभा राहतो आणि मोठ्यानं हाक देऊन सांगतो. जे सांगायला पाठवलं तेच. पदरचं घालायचं नाही, पोटात ठेवायचं नाही. आणि लोकांना आवडलं का, हे तर बघायचंच नाही."

मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हटलं, "म्हणजे आज्याचं काम."

तुझ्या हातातली काडी तशीच राहिली. इतकी वर्षं पुस्तकं चाळून तुला जे सापडत नव्हतं ते तुझ्याच घरात होतं, आणि तू ते बघितलं नव्हतंस. मग तू ओरडलास, "येसकर! सुशे, अगं येसकर!" शेजारच्या बाई दारात आल्या, काय झालं म्हणून.

आपला आजा सटाण्याच्या पलीकडच्या गावात येसकर होता. हातात काठी घेऊन वेशीवर राखण करायची, सरकारचा हुकूम आला की दवंडी द्यायची, कुणाचं माणूस गेलं की परगावच्या सोयऱ्यांना निरोप पोचवायचा. महारवाड्याच्या वाट्याला आलेलं काम. मोबदला म्हणजे दारोदार फिरून मागितलेली भाकर, तीही वरून टाकलेली. आपण त्याला पाहिला तो म्हातारा, खाटेवरचा. भुवईवरचा तो लांब वण तू बोटानं चाचपायचास आणि आजा तुझा हात झटकायचा.

त्या वणाची गोष्ट आपल्या बापूंनी, त्याच्या लेकानं, सांगितलेली. तालुक्याहून हुकूम आला, त्यात दोन गोष्टी. एक, शेतसारा अमुक दिवशी भरायचा. दुसरी, गावातल्या नव्या विहिरीवर कोणत्याही जातीच्या माणसाला पाणी भरता येईल. पाटलानं आज्याला बोलावून बजावलं, साऱ्याचं सांग, विहिरीचं सांगायचं नाही. आजा "व्हय" म्हणून निघाला. गल्लीगल्लीत साऱ्याचं सांगितलं, आणि प्रत्येक गल्लीत विहिरीचंही सांगितलं, पाटलाच्या वाड्यासमोर तर जरा जास्तच मोठ्यानं. संध्याकाळी त्याला वेशीत धरून मारलं. पाणी लगेच मिळालं का? कुठलं! पण हुकूम आहे हे गावाला कळलं, आणि कळलेलं परत कुणाच्या घशात घालता येईना. बापूंनी पुढं कधी विचारलं की का रे सांगितलंस, तर आजा म्हणायचा, "सांगाले धाडं, ते सांगनंच पडस." बस. पुढं भाष्य नाही.

एवढा माणूस आपल्या घरात. तो शब्द घेऊन तू पुलपिटावर चढलास तो मात्र कितीतरी वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर.

तो रविवार मला अजून दिसतो. मी दुसऱ्या रांगेत. तू केरुस्सो सांगितलास, राजा सांगितलास, चौक सांगितलास, आणि मग पुस्तक मिटून म्हणालास, "ग्रीक लोकांचा केरुक्स, तो हाक देणारा, मी पाहिला नाही. पण माझा आजा येसकर होता." आणि विहिरीची गोष्ट सांगितलीस. आवाज कुठं चढवला नाहीस की कुठं थरथरू दिला नाहीस. शेवटी म्हणालास, "इथं उभं राहून बोलणारा प्रत्येक पाळक येसकरच आहे. ज्याला त्याची लाज वाटते त्यानं इथं चढू नये." दादा, तुझे इतके संदेश ऐकले, बरेचसे झोपेत ऐकले, पण त्या दिवशी मला वाटलं की याच्यासाठी मी आईच्या पोटी जन्मले, याची बहीण व्हायला.

आणि उपासना संपल्यावर चहाच्या कपाशी काय धुरळा उडाला! "आमच्या बापजाद्यांनी जे अंगावरून खरवडून काढलं ते पाळकसाहेबांनी पुलपिटावरून बादलीभर ओतलं." "प्रभूची सुवार्ता कुठं आणि भाकर मागणं कुठं!" एक बाई तर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "माझी नवी सून बसली होती हो शेजारी. आता ती विचारणार, तुम्ही मूळचे कोण?" मी म्हटलं, "मग सांगा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चहात माशी टाकली.

पुढचा रविवार. तू चढलास आणि म्हणालास, "मागच्या संदेशात एका शब्दाचा अर्थ सांगताना माझ्याकडून सुवार्तेला न शोभणारी उपमा दिली गेली. मंडळीची मनं दुखावली, मी माफी मागतो."

उपमा? आजा उपमा होता? न शोभणारा? ज्यानं मार खाल्ला पण निरोपातलं अक्षर गिळलं नाही, त्याच्याबद्दल तू भर मंडळीत माफी मागितलीस, तीही त्याच जागेवरून जिथं लाज वाटणाऱ्यानं चढू नये म्हणाला होतास! मी प्रार्थनेला उभीच राहिले नाही. शेजारणीला वाटलं, गुडघे दुखतात.

त्याच दुपारी तुझ्या स्वयंपाकघरात मी तुला धारेवर धरलं. वहिनी बिचारी भाताचा कुकर घेऊन अंगणात निघून गेली.

"शेपूट घातलीस ना?"

"सुशे, हळू."

"हळू काय? आज्याला हळू बोलता आलं असतं की. त्यालाही पाटलानं हेच सांगितलं होतं."

मग तू दार लोटलंस आणि मला सांगितलंस की सोमवारी शांतवन मास्तर आले होते. आपल्या चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी, रिटायर्ड हेडमास्तर, उन्हाळ्यातसुद्धा टाय लावणारा माणूस. तुझ्यासमोर खुर्चीत बसून रडले. त्यांचे वडील येसकर होते. घरात कुणाला माहीत नाही. मुलांना सांगून ठेवलंय की आपण मूळचे जमीनदार, दुष्काळात जमीन गेली. ते म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला परवडतं. माझी नात माझ्याकडे बघत होती काल. परत घेता का तेवढं?" आणि तू परत घेतलंस.

मी म्हटलं, "त्यांचं रडणं पुसायचं होतं तर घरी पुसायचं. पुलपिटावर कशाला आणलंस?"

तेव्हा तू माझ्याकडे वळलास. म्हणालास, "आज्यानं निरोप दिला आणि मार आज्यानंच खाल्ला. इथं निरोप मी देतो आणि मार मास्तर खातात. स्वतःच्या पाठीवर घेणं वेगळं, सुशे. दुसऱ्याची पाठ पुढं करणं वेगळं."

उत्तर सुचलं नाही म्हणून मी जास्त चिडले आणि चप्पल घालून निघाले. तू मागून म्हणालास, "भात खाऊन जा." म्हणे भात!

त्यानंतर तू आलास, गेलास, मेथी आणलीस, माझी औषधं आणलीस, पण संदेश? संदेश कसले रे ते! संसारात गोडवा कसा राखावा. मोबाइलचा योग्य वापर. परीक्षेच्या काळात पालकांनी काय करावं. लोक खूश. माना डोलवायचे, दारात हात मिळवून म्हणायचे, छान बोललात. 'छान बोललात' ऐकलं की मला वाटायचं, उठून सांगावं, हा माणूस छान बोलण्याकरता पाठवलेला नव्हता. कितीदा विषय काढला मी. तू चष्मा पुसायचास आणि म्हणायचास, "तू जिंकलीस, बास?" असं जिंकणं मला नको होतं. मला तू माझ्याशी पुरतं भांडायला हवा होतास.

आता रागातही खोटं बोलणार नाही. हे गेले तेव्हा घरात वचनांचा नुसता पाऊस पडला होता. येणारा जाणारा मला समजावून जायचा की देवाची योजना आहे, धीर धर. तू रोज यायचास, चहा ठेवायचास, कप माझ्यापुढं सरकवायचास आणि गप्प बसायचास. एक वचन नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "पाळक ना तू? बोल की काहीतरी." तू म्हणालास, "मला अजून काही सांगायला पाठवलेलं नाही." त्या चहाचे उपकार मी फेडू शकत नाही. आणि म्हणूनच म्हणते, तुला तो शब्द कळला नव्हता असं नाही. हाडामांसात कळला होता. कळून मागं फिरलास, त्याची माफी नाही.

वॉर्डात मी नातेवाइकांना सांगायचे तेव्हा 'गेले' असंच सांगायचे. देवाघरी गेले नाही, झोपले नाही, सोडून गेले नाही. डॉक्टर तोंड लपवायचे आणि मला पुढं करायचे. त्या बायकांच्या आरोळ्या माझ्याच अंगावर यायच्या. एकीनं तर कानाखाली मारली होती. तुला सांगितलं तेव्हा किती हसला होतास! म्हणालास, "मी पगारी, खरी येसकरीण तू." बघ, हा शब्द कौतुकानं वापरायचास तू, दार बंद असलं की.

आज तुझी स्मरणसभा झाली. गुरुवारी सॅमी आला होता. खाली बघत म्हणाला, "आत्या, कमिटी म्हणते तू दोन शब्द बोल. पण आधी लिहून दे, ते बघून घेतील." मी विचारलं, काय बघणार? तो कुरकुरला, "ते येसकरचं नको काढू गं. पप्पांनीच मागं घेतलं होतं ना." बघितलंस तू काय करून ठेवलंस? तुझ्या लेकाच्या हातात तू देऊन गेलास तो हा कापलेला निरोप. मी म्हटलं, "लिहून बिहून काही मिळणार नाही. बोलवायचं तर बोलवा, नाही तर तुमचा सम्राट तुम्हाला लखलाभ." बोलवलं. मेलेल्या पाळकाच्या बहिणीला नाही म्हणायची कमिटीची छाती झाली नाही.

चढले मी पुलपिटावर. पायरीवर गुडघा कटकन वाजला. समोर पहिल्या रांगेत शांतवन मास्तर, टाय लावून, आणि शेजारी त्यांची नात रेचल, आता कॉलेजात जाणारी. दादा, खरं सांगते, त्यांच्याकडे बघितलं आणि तुझं ते दुसऱ्याच्या पाठीचं बोलणं माझ्या कानात वाजलं. क्षणभर वाटलं, तुझ्या मेथीबद्दल बोलावं, दोन आसवं गाळावीत आणि उतरावं. सगळ्यांना तेच हवं होतं. तुलाही तेच हवं असतं, म्हणून अंगाचा तिळपापड झाला आणि मी तोंड उघडलं.

दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. माझाच आजा सांगितला. काठी, भाकर, हुकूम, विहीर, वेस, वण. आज्याचं ते वाक्य त्याच्याच बोलीत सांगितलं. मग म्हटलं, "माझ्या भावानं तुम्हाला हा शब्द एकदा दिला आणि आठवड्यानं परत घेतला. परत घ्यायचा त्याला हक्क नव्हता. तो चुकला. मी त्याची बहीण आहे, मी सांगते, आमचा आजा सुवार्तेला शोभत होता." आणि उतरले. एक कुटुंब उठून बाहेर गेलं.

अंगणात चहा आणि वडे. माझ्याजवळ कुणी फिरकेना, सॅमीसुद्धा नाही. मी झाडाच्या पाराशी एकटी, बशी हातात घेऊन. तेवढ्यात मास्तर येताना दिसले, रेचलच्या हाताचा आधार घेऊन. मला वाटलं, आता हा म्हातारा माझ्यापुढं कोसळणार आणि दादा खरा ठरणार.

ते बोलायच्या आधी ती पोरच बोलली. मोठ्यानं, चारचौघांत, अगदी सहज, बसची वेळ विचारावी तशी. "आजोबा, तुमचं गाव पण तिकडचंच ना? आपल्यात कुणी करायचं का हे काम?"

मास्तरांनी टायची गाठ चाचपली. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा मास्तर, खुशाल नाही म्हणा, माझं काही म्हणणं नाही.

"माझे वडील करायचे," मास्तर म्हणाले. "मी त्यांच्याबरोबर फिरायचो. भाकरीची झोळी माझ्याकडं असायची."

रेचलनं तोंडावर हात नेला. मला वाटलं, रडते की काय. ती म्हणाली, "आणि मला तुम्ही जमीनदारांच्या गोष्टी सांगता? किती खोटारडे हो आजोबा!" आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून तिथंच उभी राहिली, सगळ्यांसमोर. "मला यांचीच गोष्ट सांगा," म्हणाली. "आजच सांगायची."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते खाली बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "सुशीलाबाई, पाळकसाहेब फार चांगला माणूस. पण त्या सोमवारी त्यांनी माझं ऐकायला नको होतं. इतकी वर्षं घरात चोरासारखा राहिलो."

ऐकलंस? ज्याच्यासाठी तू निरोप गिळलास तो माणूस हे म्हणाला. जे उत्तर मला त्या दुपारी सुचलं नव्हतं ते त्यानं दिलं, नातीचा हात धरून, दोन वाक्यांत. मी तिथून उठले ती थेट तुझ्या घराकडं निघाले, तुला सांगायला. कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही. मेल्या, मी जिंकले रे. या वेळी खरीखुरी जिंकले. आणि भर रस्त्यात उभी राहून मला कळेना की आता हे सांगू कुणाला.